"तुझ्या अंगात करंट आहे": चार्ज, व्होल्ट आणि रिपेअरिंगच्या दुकानातला एक प्रश्न

ज्यांना कानात घालून ऐकायला जमत नाही, किंवा ट्रेनच्या खडखडाटात माझं अर्धं बोलणं हरवतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. "अं... म्हणजे..." तेवढं गाळलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.

या वेळचा विषय एका व्हॉइस नोटमुळे आला. पाठवणारा मुलगा मोबाइल रिपेअरिंग शिकतोय. नाव सांगत नाही, कारण प्रकरण त्याच्या पगाराचं आहे. तो म्हणतो: "ताई, थंडी सुरू झाली की मला रॅकला हात लावला तरी चटका बसतो. शटरला बसतो, टेबलाच्या लोखंडी पायाला बसतो. परवा एका गिऱ्हाइकाच्या फोनचा बोर्ड माझ्या हातात गेला. मालक म्हणाले, तुझ्या अंगात करंट आहे, तू बोर्डाला हात लावू नकोस. पैसे पगारातून कापणार म्हणाले. ताई, असं खरंच असतं का? एखाद्याच्या अंगातच जास्त करंट?"

मी बारावीला फिजिक्स शिकवते. "वाहकाला चार्ज दिला तर त्याचं विभव वाढतं" हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिते, मुलं वहीत उतरवतात आणि पुढच्या गणिताकडे वळतात. या मुलाचा अख्खा प्रश्न त्या एका वाक्यात बसलेला आहे. म्हणून आज तेवढंच वाक्य घेऊया, पण नीट.

आधी शब्दांचा गोंधळ निस्तरू. आपण "फोन चार्जिंगला लावला" म्हणतो तेव्हा फोनवर चार्ज साठत नाही. एका तारेतून जेवढा चार्ज आत जातो, तेवढाच दुसऱ्या तारेतून बाहेर येतो. बॅटरीत साठते ती ऊर्जा, रसायनांच्या रूपात. फोन अख्खा तोलला तर त्याच्यावरचा एकूण चार्ज शून्यच. आज आपण बोलतोय ते दुसऱ्या चार्जबद्दल: एखाद्या वस्तूवर खरोखर जास्तीचे इलेक्ट्रॉन येऊन बसले, किंवा तिच्यावरचे काही निघून गेले. हा फरक किती मोठा आहे, त्याचं गणित थोड्या वेळाने करून दाखवते. आकडा मजेशीर आहे.

आता मुख्य गोष्ट. चार्ज दिला की विभव, म्हणजे पोटेन्शियल, का वाढतं?

यार्डातून रिकामी आलेली लोकल डोळ्यांपुढे आणा. पहिला माणूस आरामात चढतो, त्याला कुणी अडवत नाही. शंभरावा जरा अंग चोरून चढतो. तीनशेव्याला रेटावं लागतं, कारण आतले सगळे मिळून त्याला बाहेर ढकलतायत. धातूच्या तुकड्यावर इलेक्ट्रॉन चढवायचं काम तसंच आहे. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. पहिला फुकट बसतो. त्यानंतर प्रत्येकाला आधी बसलेल्यांच्या विरोधात रेटून न्यावं लागतं. पुढचा चार्ज आणून बसवायला दर कूलोंबमागे किती जूल काम करावं लागेल, हा जो आकडा, त्यालाच विभव म्हणायचं. त्याचं एकक व्होल्ट. आत गर्दी जास्त, तर पुढच्याला रेटा जास्त. चार्ज दुप्पट केला तर विभव बरोब्बर दुप्पट. (आपल्या उदाहरणात चार्ज ऋण घेतला, तर विभव शून्याच्या खाली तेवढंच जातं. चिन्ह बदलतं, गोष्ट तीच.)

आणि धातूत आणखी एक गंमत असते. तिथे चार्जला हलायची मोकळीक आहे. एका कोपऱ्यात जास्त रेटा, दुसऱ्यात कमी, असं झालं तर चार्ज लगेच सरकतो आणि सगळीकडे रेटा सारखा होईपर्यंत सरकत राहतो. म्हणून स्थिर झालेल्या वाहकाचं सगळं अंग एकाच विभवावर असतं, टोकापासून टोकापर्यंत. जास्तीचा चार्ज सगळा बाहेरच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो. त्यामुळे गोळा भरीव की पोकळ, तांब्याचा की स्टीलचा, याने काही बिघडत नाही.

मग बिघडतं कशाने? आकाराने, आणि आजूबाजूला काय आहे याने. याला धारकता म्हणतात, इंग्रजीतली कपॅसिटन्स. सूत्र एवढंच: विभव म्हणजे चार्ज भागिले धारकता.

आकडे घालून बघू. फुटबॉलपेक्षा जरासा लहान, १० सेंटिमीटर त्रिज्येचा स्टीलचा गोळा घ्या, आणि तो सगळ्यांपासून दूर टांगा. त्याची धारकता भरते सुमारे ११ पिकोफॅरड. पिको म्हणजे एकाचा एक लाख कोटीवा भाग. या गोळ्यावर १ मायक्रोकूलोंब चार्ज ठेवला, तर विभव होतं जवळजवळ ९०,००० व्होल्ट. मायक्रोकूलोंब म्हणजे किती? फोनच्या चार्जरमधून दोन अँपिअर वाहत असतील, तर तेवढा चार्ज सेकंदाच्या वीस लाखाव्या भागात निघून जातो. म्हणजे चिमूटही नाही. आणि व्होल्ट नव्वद हजार.

इथेच मुलं दरवर्षी अडकतात. त्यांना वाटतं की मोठा व्होल्ट म्हणजे खूप वीज. तसं नाही. वस्तू छोटी असेल तर क्षुल्लक चार्जसुद्धा विभव आभाळाला नेतो. तोच मायक्रोकूलोंब टाचणीच्या डोक्यावर ठेवायला जा. गणित म्हणेल ९० लाख व्होल्ट. प्रत्यक्षात तिथवर पोचणारच नाही, कारण साधारण दर सेंटिमीटरला ३०,००० व्होल्ट एवढा ताण आला की हवाच फाटते आणि चार्ज निसटतो. टाचणीचं डोकं काही हजार व्होल्टलाच गळायला लागेल. आपला स्टीलचा गोळा मात्र तीन लाखांपर्यंत तग धरेल. विज्ञान केंद्रात केस उभे करणारं ते यंत्र बघितलं असेल, व्हॅन डी ग्राफचं. त्याचा घुमट मोठा आणि गुळगुळीत का असतो, ते आता कळलं असेल.

उलट टोकाला आहे पृथ्वी. त्रिज्या सुमारे ६,४०० किलोमीटर, धारकता अंदाजे ७१० मायक्रोफॅरड. घरच्या पंख्याचा कंडेन्सर बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरडचा असतो. म्हणजे अख्खी पृथ्वी अशा २८० कंडेन्सरांएवढी. ऐकून निराशा होते, मला तरी झाली होती. पण तुमच्या-माझ्या अंगावरच्या चार्जच्या मानाने ती अफाट आहे. मायक्रोकूलोंबाने तिचं विभव हलेल दीड मिलिव्होल्ट. म्हणून आपण सरळ म्हणतो की पृथ्वीचं विभव शून्य, आणि अर्थिंग म्हणजे त्या शून्याशी जोडणं.

आता फोनचं ते गणित. ५,००० एमएएचच्या बॅटरीतून फुल ते रिकामी होईपर्यंत एकूण १८,००० कूलोंब चार्ज जातो. तो सगळा खरंच फोनच्या अंगावर साठला असता तर? फोनची धारकता पाच पिकोफॅरड धरू. उत्तर येतं ३,६०० लाख कोटी व्होल्ट. फोनच काय, गल्ली उरली नसती.

बरं, माणूस. माणूस वाहकच आहे. खारं पाणी भरलेलं पोतं म्हणा. बूट घालून जमिनीवर उभ्या माणसाची धारकता साधारण १०० पिकोफॅरड धरतात, आणि इलेक्ट्रॉनिक भागांची चाचणी करणारे लोकही माणसाच्या जागी हाच आकडा वापरतात. म्हणजे अर्धा मायक्रोकूलोंब अंगावर आला की तुम्ही ५,००० व्होल्टवर. इलेक्ट्रॉन मोजले तर तीन लाख कोटी. ऐकायला प्रचंड, पण आपल्या शरीरात इलेक्ट्रॉन इतके आहेत की हा हिशोब दर सात हजार लाख कोटींमागे एक, असा पडतो.

पाच हजार व्होल्टवर बसलोय आणि काहीच जाणवत नाही, हे कसं? कारण सगळं अंग एकाच विभवावर आहे. नाकापासून अंगठ्यापर्यंत फरक शून्य, मग वाहणार काय? मायकेल फॅरडेने १८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १२ फूट लांब, रुंद आणि उंच अशी एक खोलीच बांधली. लाकडी सांगाडा, त्यावर तारा आणि कथिलाचा वर्ख. ती जमिनीपासून अलग ठेवली आणि यंत्राने अशी चार्ज केली की बाहेरच्या बाजूने ठिणग्या उडायला लागल्या. फॅरडे स्वतः आत, हातात त्याची सगळ्यात नाजूक उपकरणं. उपकरणांना काही कळलं नाही, फॅरडेलाही नाही. विभव कितीही असो, त्रास देतो तो फरक. तुम्ही रॅकजवळ बोट नेता तेव्हा तो फरक बोट आणि लोखंड यांच्यामधल्या मिलिमीटरभर हवेत येतो. मग चट!

(ठिणगीची लांबी बघून अंदाज करता येतो, बरं का. मिलिमीटरला साधारण तीन-चार हजार व्होल्ट.)

पुढचा प्रश्न कुणीतरी विचारणारच: भिंतीतल्या २३० व्होल्टने माणूस मरतो, मग पाच हजारांनी का नाही? कारण माल संपतो. अंगावरच्या त्या चार्जमधली एकूण ऊर्जा सव्वा मिलिजूल, म्हणजे एक ग्रॅम मीठ अर्धी वीत उंच उचलायला लागते तेवढी. ती सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात संपते, मग मागून काही येत नाही. भिंतीच्या मागे अख्खं वीजकेंद्र उभं आहे, ते पुरवतच राहतं. तेव्हा हे ऐकून कुणी सॉकेटशी खेळायला जाऊ नका.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. चार्ज तेवढाच ठेवून विभव बदलता येतं का? येतं. आणि ते घरी करून बघता येतं.

थर्माकोलचा एक जाड तुकडा घ्या. स्टीलचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं एक लहान ताट घ्या, आणि आतल्या बाजूला मधोमध प्लॅस्टिकचा कोरडा पेला चिकटवा, ती मूठ. थर्माकोल लोकरीच्या कापडाने खसाखसा घासा. त्यावर ताट मुठीने धरून ठेवा. मग ताटाला एकदा बोट लावा, बारीकसा चटका बसेल. बोट काढा. आता ताट थर्माकोलवर आहे तोवर पुन्हा बोट लावून बघा: काही नाही. मुठीला धरून ताट उचला, आणि मग बोट जवळ न्या. ठिणगी! अंधारात निळसर दिसते. टेस्टरमधला छोटा निऑनचा दिवा सुटा मिळाला तर त्याचं एक टोक बोटात धरून दुसरं ताटाला लावा, तो क्षणभर पेटतो. आणि न घासता हे पुन्हा पुन्हा करता येतं. पावसाळ्यात मात्र जमणार नाही, कोकणात तर विचारूच नका. आणि गॅसच्या ओट्याजवळ करू नका.

यात घडलं काय ते बघा. घासलेल्या थर्माकोलवर ऋण चार्ज असतो. बोट लावलं तेव्हा ताटावरचे काही इलेक्ट्रॉन त्याच्या रेट्याने बोटातून तुमच्यात पळाले, ताटावर धन चार्ज उरला. पण बोट लागलेलं असताना ताटाचं विभव तुमच्याएवढं, म्हणजे जवळपास शून्य होतं. हे पुन्हा वाचा. ताटावर चार्ज आहे आणि विभव शून्य आहे. कारण खालचा ऋण चार्ज अगदी चिकटून बसलाय आणि ताटावरच्या धन चार्जचा परिणाम खोडून काढतोय. आता ताट उचललं. चार्ज एक कणही वाढला नाही. पण खोडणारा शेजारी दूर गेला, आणि विभव काही हजार व्होल्टवर गेलं. ती ऊर्जा आली कुठून? तुमच्या हाताच्या स्नायूंतून. ऋण आणि धन एकमेकांना ओढत होते, तुम्ही त्यांना ताणून वेगळं केलंत.

हे उपकरण व्होल्टाने १७७५ साली जगापुढे आणलं, आणि त्याच्या आधी १७६२ मध्ये स्वीडनच्या विल्केने तसंच काही केलं होतं. नाव व्होल्टाचं लागलं, आणि पुढे एककालाही तेच मिळालं.

लोकलची उपमा इथे थांबते, कारण डब्याबाहेर उभ्या माणसांनी आतली गर्दी हलकी होत नाही. वाहकाचं तसं नाही. वाहकाचं विभव त्याच्या स्वतःच्या चार्जवर ठरतं, तसंच शेजारी कोण किती जवळ आहे यावरही ठरतं.

आता चला त्या दुकानात. मी त्या मुलाला तीन गोष्टी विचारल्या होत्या: पायात काय असतं, बसतोस कशावर, दुकानात एसी आहे का. उत्तर आलं: स्पोर्ट्स शूज, फोमची गादी आणि रेक्झिनचं कव्हर असलेलं फिरतं स्टूल, एसी आहे. आणि मालक? "ते चप्पल बाहेर काढून बसतात, लाकडी खुर्चीवर."

झालं. त्याच्या पँटचं कापड रेक्झिनवर घासलं जातं. दोघांवर विरुद्ध चार्ज येतो. बसलेला असताना दोन्ही चार्ज एकमेकांना चिकटून, म्हणजे ताट थर्माकोलवर. विभव किरकोळ. तो स्पेअर पार्ट आणायला उठतो, म्हणजे ताट उचललं. स्टुलावरचा चार्ज स्टुलावर राहिला, त्याच्या अंगावरचा त्याच्याबरोबर उठला, आणि विभव काही हजारांवर. बुटाचे रबरी तळवे चार्ज खाली जाऊ देत नाहीत. हवा कोरडी, त्यामुळे बुटांवर, कपड्यांवर ओलाव्याचा जो पातळ थर एरवी चार्ज हळूहळू झिरपू देतो, तोही नाही. पहिलं लोखंड हाताला लागलं की चटका. चारचाकीतून उतरताना दाराचा चटका बसतो तो याच कारणाने. बसलेले असता तोवर काही नसतं, उतरता तेव्हा बसतो.

मालकांच्याही कपड्यांवर चार्ज येतच असणार. पण अनवाणी पाय फरशीवर आहेत, तो तिथल्या तिथे निघून जातो. म्हणजे "अंगात करंट" कुणाच्याच नाही. फरक शूज आणि स्टुलाचा आहे. आणि "करंट" तर नाहीच नाही. करंट म्हणजे वाहणारा चार्ज. ठिणगीचा तो एक क्षण सोडला तर त्याच्या अंगावर चार्ज नुसता बसून असतो.

पण बोर्ड? इथे मी त्याची बाजू घ्यायची म्हणून खोटं सांगणार नाही. असा चार्ज बोर्ड मारू शकतो. आयसीच्या आत जे इन्सुलेशनचे थर असतात ते काही नॅनोमीटर जाडीचे असतात, आणि बरेच भाग काही शे ते दोन हजार व्होल्टच्या झटक्यापर्यंतच टिकतील अशा बेताने केलेले असतात. काही त्याहून नाजूक. माणसाला चटका जाणवायला मात्र साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. म्हणजे तुम्हाला काही कळायच्या आत आयसी गेलेली असू शकते. कधीकधी ती लगेच मरत नाही, अर्धवट जखमी होते आणि गिऱ्हाईक दोन आठवड्यांनी परत येतं.

आणि दुसरी बाजू. बोर्ड मरायला ढीगभर कारणं असतात. हॉट एअर गनचं तापमान चढलं, बॅटरी न काढता स्क्रू ड्रायव्हर टेकला, पाणी आधीच आत गेलं होतं. त्यामुळे त्या एका बोर्डाचं पाप नक्की कुणाचं, हे इथे बसून मला सांगता येणार नाही, आणि मालकांनाही ठामपणे सांगता येणार नाही. पण पगार कापण्याआधी त्यांनी स्वतःला एक विचारावं: शिकाऊ मुलाला मनगटाचा पट्टा दिला होता का? अँटिस्टॅटिक रिस्ट स्ट्रॅप म्हणून मागा, एका बोर्डाच्या किमतीत कितीतरी येतील. टेबलावर अँटिस्टॅटिक मॅट घाला. हे देणं दुकानाचं काम आहे, शिकणाऱ्याचं नाही. माझं मत विचाराल तर असं.

त्या पट्ट्याच्या वायरमध्ये १ मेगओहमचा रेझिस्टर असतो. तो काढून सरळ वायर जोडणारे हुशार लोक आहेत, तसं करू नका. १ मेगओहममधूनसुद्धा अंगावरचा चार्ज सेकंदाच्या हजाराव्या भागात निघून जातो, म्हणजे कामाला तो काही आड येत नाही. आणि चुकून हात २३० व्होल्टला लागला, तर तोच रेझिस्टर तुमच्यातून जाणारा प्रवाह पाव मिलिअँपिअरच्या आत ठेवतो. तो नसेल, तर तुम्ही स्वतःला पक्कं अर्थिंग करून मृत्यूला आमंत्रण दिलंत. पट्टा जोडायचा तो खऱ्या अर्थिंगला. जुन्या इमारतींत तिसऱ्या पिनच्या भोकामागे कधीकधी काहीच नसतं. वायरमन बोलावून तपासून घ्या, स्वतः तार खुपसू नका. आणि टीव्हीचा किंवा चार्जरचा पॉवर सप्लाय चालू असताना उघडून काम करायचं असेल, तर पट्टा काढून ठेवा.

पट्टा येईपर्यंत काय? बोर्डाला हात लावण्याआधी अर्थ केलेल्या धातूला हात लाव, चटका तिथे बसू दे. चटका नको असेल तर हातात किल्ली घट्ट धरून किल्लीने स्पर्श कर, ठिणगी किल्लीच्या टोकाला पडते आणि बोटाला टोचत नाही. स्टुलावर सुती पंचा टाक. शूज काढता आले तर काढ. बसल्या जागी बोर्डावर काम करताना मधेच उठून, येऊन, थेट बोर्डाला हात लावू नकोस. उठणं हीच धोक्याची वेळ आहे.

हेच गणित एका ठिकाणी पगारापेक्षा महाग पडतं, म्हणून तेही सांगते. पेट्रोल. पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली असेल तर ती पेटायला साधारण ०.२ मिलिजूल ऊर्जा पुरते. १०० पिकोफॅरडच्या माणसाला त्यासाठी किती विभव लागेल? गणित केलं तर २,००० व्होल्ट. आणि चटका जाणवतो तो तीन हजारांच्या पुढे. म्हणजे जी ठिणगी तुम्हाला कळणारही नाही, ती पुरेशी आहे.

गावाकडे शेतातल्या पंपासाठी, मंडपातल्या जनरेटरसाठी लोक कॅन घेऊन जातात. लोखंडी कॅन टेंपोत रबरी मॅटवर ठेवलेला, आणि तिथेच भरून घ्यायचा. पेट्रोल नळीतून वेगाने येताना चार्ज घेऊन येतं. कॅन रबरावर आहे, म्हणजे आपला तो टांगलेला गोळाच. चार्ज जायला वाट नाही, विभव चढत जातं. नळीचं तोंड मात्र अर्थ केलेलं, शून्यावर. भरून झाल्यावर नळी बाहेर काढताना ठिणगी नेमकी कॅनच्या तोंडाशी पडणार, जिथे वाफ सगळ्यात जास्त. म्हणून कॅन गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवायचा, आणि भरताना नळीचं धातूचं तोंड कॅनच्या तोंडाला टेकलेलं ठेवायचं. दोघं एकाच विभवावर, फरकच नाही, ठिणगी कुठून येणार? प्लॅस्टिकच्या बाटलीत तर ही सोयच नाही. तिच्यावरचा चार्ज जिथल्या तिथे अडकतो, अर्थ करणार कशाला? पंपावरचा माणूस बाटली बघून नाही म्हणतो तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका. पंपावर टँकर रिकामा करायच्या आधी त्याला एक जाड वायर चिमट्याने लावतात, ती कधी दिसली तर ओळखाल आता.

अमेरिकेत लोक स्वतःच पेट्रोल भरतात. तिथे अशा आगींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: माणूस नळी लावून गाडीत जाऊन बसला, उठून परत आला आणि थेट नळीला हात घातला. ताट उचललं, तसंच. मोबाइलचं नाव बरंच झालं, पण तो ठरला नाही. तरी पंपावर फोन खिशात ठेवा, नियम आहे तो.

जाता जाता, तुमच्यातल्या दहा जणांनी तरी विचारलेला प्रश्न: चार्जिंगला लावलेल्या फोनच्या धातूच्या कडेवरून बोट हळू फिरवलं की झिणझिण्या येतात, तो पण हाच चार्ज का? नाही, तो वेगळा. दोन पिनांच्या चार्जरमध्ये मेनलाइनची बाजू आणि फोनची बाजू यांच्यात एक छोटा कंडेन्सर मुद्दाम बसवलेला असतो, आवाजी लहरी दाबायला. त्यातून फोनचं धातूचं अंग शंभरेक व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. तिसरी पिन नाही, त्यामुळे शून्याला धरून ठेवणारं कुणी नाही. मल्टीमीटरने मोजलं तर ऐंशी-शंभर व्होल्ट दिसतात. तुम्ही बोट लावलं की ते कोसळतं, कारण त्या बारीक कंडेन्सरमधून काही मायक्रोअँपिअरच येऊ शकतात. चांगल्या चार्जरमध्ये हे ठरवून केलेलं आणि निरुपद्रवी असतं. पण झिणझिण्यांऐवजी झटका बसला, हात मागे खेचला गेला, तर तो चार्जर त्याच दिवशी फेकून द्या. स्वस्तातल्या नकली चार्जरमध्ये त्या कंडेन्सरच्या जागी काय भरलेलं असेल याचा भरवसा नाही. बाथरूममध्ये, ओल्या हाताने, अनवाणी, चार्जिंगला लावलेला फोन तर कुठल्याच चार्जरचा नको.

थर्माकोलचा प्रयोग करून बघितलात तर व्हिडिओ पाठवा, ठिणगी किती मिलिमीटरची होती ते लिहून. व्होल्ट आपण पुढच्या वेळी मिळून काढू.